आपल्या विद्यापीठाला आयुष्यभर हातभार कसा लावावा? (सोलापूर)

जुना केगावकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो आहे. मी मूळचा सोलापूरचा. बी. एस्सी. शहरातल्या एका महाविद्यालयातून केली आणि २००१ मध्ये सोलापूरजवळच्या केगावच्या पदव्युत्तर केंद्रातून एम. एस्सी. झालो. त्या वेळी ते केंद्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे होते. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे माझ्या पदवी प्रमाणपत्रावर शिक्का कोल्हापूरचा आहे आणि ज्या ठिकाणी मी शिकलो ते आज सोलापूरच्या विद्यापीठाचे आवार आहे.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते एका चादरीच्या कारखान्यात रोजंदारीवर जाऊ लागले. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी माझ्याजवळ पैसे कमी पडले, तेव्हा विभागातल्या एका सरांनी काही न बोलता उरलेली रक्कम खिडकीवर भरली आणि पावती माझ्या हातात दिली. दोन महिन्यांनी मी पैसे परत करायला गेलो, तर त्यांनी ते मोजून घेतले, टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली आणि माझ्या नावावर रेघ मारली. त्या पानावर आणखी दहाबारा नावे होती. काहींवर रेघ होती, काहींवर नव्हती. ते पान मी अजून विसरलेलो नाही.

आज मी पुण्यात नोकरी करतो, वय ४७ आहे, घराच्या कर्जाचे हप्ते आणखी सात वर्षे चालतील आणि मुलगी यंदा बारावीला आहे. पाच लाख रुपये बाजूला काढता येतील एवढी परिस्थिती आहे. ते एकरकमी द्यावेत की दरमहा थोडे थोडे? महाविद्यालयाला द्यावेत, विभागाला की विद्यापीठाला? आणि पैसे देऊन मोकळे होण्यापेक्षा निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही नाते टिकेल असे काही करता येते का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. ती वही कोणाची असावी याचा मला अंदाज आहे, पण नाव घेत नाही, कारण अशा वह्या त्या काळी अनेकांच्या खणात असत आणि त्यांच्याविषयी बाहेर बोलायचे नाही असा अलिखित नियम होता.

कोणाला द्यावे, या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या शहराची गोष्ट थोडी निराळी आहे. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर सोलापूर त्याच्या कक्षेत गेले, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आल्यावर कोल्हापूरकडे आणि २००४ नंतर स्वतःच्या जिल्ह्याच्या विद्यापीठाकडे. एकाच वर्गखोलीत बसलेल्या आजोबा, वडील आणि नातवाच्या प्रमाणपत्रांवर वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. तेव्हा शिक्का कोणाचा आहे यावरून ऋण ठरवू नये. ज्या जागेने आणि ज्या माणसांनी आपल्याला उभे केले, तिथे आज जी मुले बसतात, त्यांच्याकडे पाहून ठरवावे.

याला आणखी एक बाजू आहे. आपल्या विद्यापीठाला २००४ नंतरचे पदवीधर तेवढे हक्काने आपले म्हणता येतात आणि त्यांतले पहिले लोक आत्ता कुठे चाळिशी ओलांडत आहेत. हप्ते, मुलांच्या फिया आणि आईवडिलांचे औषधपाणी यांतच त्यांची मिळकत जाते. ज्यांच्या हातात आज चार पैसे शिल्लक आहेत ते सगळे कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या शिक्क्याचे, आणि त्यांना केगावकडून आमंत्रण जाणे कठीण, कारण त्यांची नावेच केगावच्या दप्तरात नाहीत. म्हणून आपल्यासारख्यांनी आपण होऊन दार ठोठावले तर त्याचे मोल फार मोठे आहे.

आता एकरकमी की थोडे थोडे, याविषयी. मी ३१ वर्षे शिकवले आणि त्यांतली काही वर्षे पारितोषिकांचे काम पाहिले. कोणी तरी आईच्या स्मरणार्थ १० हजार रुपयांची ठेव ठेवतो, तिच्या व्याजातून दरवर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला पदक द्यायचे असे ठरते. ठेवींवर दहाबारा टक्के व्याज मिळत होते तेव्हा हजारबाराशे रुपये हातात येत आणि त्यांत पदक, प्रमाणपत्र आणि एखादे पुस्तक सहज बसे. आज सात टक्क्यांनी त्याच ठेवीचे ७०० रुपये येतात आणि त्यांत पदकही होत नाही. देणाऱ्याने एकदाच दिले, पुन्हा वळून पाहिले नाही, आणि पारितोषिक यादीत नावापुरते उरले. त्याच दात्याने दर पाच वर्षांनी ठेवीत थोडी भर घातली असती तर ते पारितोषिक आजही मानाने दिले गेले असते. आपण आयुष्यभर हा शब्द वापरला आहे, त्याचा मला लागलेला अर्थ हा असा आहे.

देण्याचे स्वरूप वयाप्रमाणे बदलते, हेही सांगायला हवे. पंचविशीतल्या माजी विद्यार्थ्याजवळ पैसा नसतो, पण मुलाखत कशी होते, पहिल्या नोकरीत काय अडते, हे त्याला ताजे ठाऊक असते. त्याने वर्षातून एक शनिवार विभागात येऊन अंतिम वर्षाच्या मुलांशी दोन तास बोलावे, त्याचा उपयोग माझ्या व्याख्यानांपेक्षा जास्त झालेला मी पाहिला आहे. चाळिशीतल्याने आपल्या कंपनीत उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मुलांना प्रकल्पासाठी घ्यावे. साठीनंतर वेळ असतो, ग्रंथसंग्रह असतो, संबंध असतात. आणखी एक काम आहे, त्याला पैसा मुळीच लागत नाही, पण ते करण्याचा लोक कंटाळा करतात: नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव घालणे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर (म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून १० प्रतिनिधी निवडून जातात. अंदाजपत्रक त्या सभेपुढे येते. जे गावात राहतात त्यांनी तरी हे अवश्य करावे.

हिशेबनीस, नवी पेठ

सरांनी भावनेची आणि अनुभवाची बाजू मांडली. मी व्यवहाराचे सांगतो, कारण या व्यवसायात राहून चांगल्या मनाने दिलेले पैसे केवळ कागद नीट नसल्यामुळे भलत्याच खात्यात गेलेले मी पाहिले आहेत.

पहिली गोष्ट, विद्यापीठ निराळे आणि माजी विद्यार्थी संघ निराळा. संघ बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याचे बँक खाते स्वतंत्र असते आणि त्याचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातात. संघाला दिलेले पैसे विद्यापीठाला पोचले असे समजू नये, आणि उलटही नाही. कोणाच्या नावाने धनादेश काढायचा हे आधी ठरवा आणि त्याच नावाची पावती मागून घ्या.

दुसरी गोष्ट पत्राची. मुद्दल कायम ठेवून फक्त व्याज वापरावे अशी आपली इच्छा असेल तर ती देणगीसोबतच्या पत्रात स्पष्ट शब्दांत लिहिलेली हवी. तसे पत्र नसेल तर ती रक्कम चालू वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि खर्चही होते, आणि त्यात संस्थेचा दोष नसतो. पत्रात हेही लिहावे की ज्या कामासाठी निधी दिला ते काम पुढे बंद पडले, विभाग दुसऱ्यात विलीन झाला, तर पैसे कशाकडे वळवावेत. हे कलम बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि वीस वर्षांनी त्यावाचून सगळ्यांचे अडते.

आता आकडे. पाच लाखांची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार देते. ते सगळे वाटून टाकू नयेत. २५ हजार विद्यार्थ्यांवर खर्च करून १० हजार मुद्दलात मिळवले, तर ठेव दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढते आणि सरांनी सांगितलेली पदकाची गत लवकर होत नाही. दुसरीकडे, दरमहा एक हजार रुपये २५ वर्षे ठेवले तर आपल्या खिशातून तीन लाख जातात, पण त्याच सात टक्क्यांनी शेवटी सुमारे ८ लाख १० हजार जमतात. घराचे कर्ज आणि मुलीचे शिक्षण समोर असताना पाच लाख एका दमात काढण्यापेक्षा मी आपल्याला असे सुचवीन: दोन लाखांची ठेव आत्ता, दरमहा दोन हजारांची स्थायी सूचना बँकेला, आणि उरलेल्याचा विचार कर्ज फिटल्यावर.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. संस्थेकडे आयकर खात्याची, ८० जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात चालत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावटच नाही. मात्र आपण मोठ्या कंपनीत असाल तर तिथल्या मनुष्यबळ विभागाला एक प्रश्न जरूर विचारा: कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम कंपनी स्वतः घालते का? काही कंपन्यांमध्ये अशी सोय असते आणि कोणी विचारत नाही म्हणून ती पडून राहते.

पूर्व भागातला, सध्या हैदराबाद

माझा अनुभव थोडा कडू आहे, पण तो सांगण्याचा उद्देश कोणाला नाउमेद करण्याचा नाही.

आठ वर्षांपूर्वी आमच्या तुकडीतल्या १४ जणांनी पैसे जमवून आम्ही जिथे शिकलो त्या संस्थेला १० संगणक दिले. संस्थेचे नाव मी येथे लिहिणार नाही. समारंभ झाला, श्रीफळ आणि शाल मिळाली, फोटो छापून आले. दोन वर्षांनी गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गावी आलो तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिले. खोलीला कुलूप होते. शिपाईमामांनी किल्ली शोधून आणली, तर सात संगणकांच्या पडद्यांवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच होता. चौकशी केली तेव्हा कळले की खोलीत विजेचे पॉइंट तीनच होते आणि बाकीचे बसवून घेण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरेना. आम्ही दहा संगणकांऐवजी सात दिले असते आणि उरलेल्या पैशांत वायरिंग करून घेतले असते तर मुलांना ते पहिल्या दिवसापासून वापरता आले असते. मला त्या वेळी राग आला होता. आता वाटते की चूक निम्मी आमची होती. काय हवे आहे हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते, आम्हाला काय द्यायला आवडेल एवढेच पाहिले होते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आता आमच्यापैकी कोणी ना कोणी दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास त्याच यात्रेतल्या अक्षता सोहळ्यासाठी सगळे गावात असतोच, तेव्हा विभागात जाऊन तासभर बसतो आणि गेल्या वर्षी दिलेल्या वस्तूंची अवस्था पाहूनच पुढचे ठरवतो. गेल्या वर्षी फक्त प्रयोगशाळेच्या उपकरणांची दुरुस्ती करून दिली. तिथे फलक लागत नाही, पण दोन वर्षे बंद असलेली यंत्रे सुरू झाली.

परदेशात असलेल्या मित्रांसाठी एक सूचना. ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचे पैसे मात्र परकीय देणगी ठरतात आणि ते स्वीकारण्यासाठी संस्थेकडे केंद्र सरकारची तशी नोंदणी लागते. आमच्यातल्या एकाचे पैसे याच कारणाने परत गेले होते.

मोठ्या देणग्यांच्या बातम्या वाचून आपले हजार रुपये कोणाला दिसणार, असे वाटू देऊ नका. नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईत प्रवेश घेतल्याला ५० वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी तिथेच एकूण ८५ कोटी दिलेले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. आकडा बाजूला ठेवा. एकदा दिले, तिथले काम पाहिले आणि मग पुन्हा दिले, हा क्रम आपल्यालाही जमण्यासारखा आहे.

एक शिक्षिका, अशोक चौक

मी या धाग्यात घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

माझी आई विड्या वळायची. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा असे, म्हणून मी मांडीवरच्या सुपाला धक्का लागू न देता तिच्या शेजारी बसून वाचत असे. पान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे सगळे मलाही येते. मी पदवी घेतली तेव्हा शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती खात्यावर यायची ती वर्ष संपता संपता. अडचण नेहमी जून ते डिसेंबर या महिन्यांची असे.

जे मदत करू इच्छितात त्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिक्षण शुल्कासाठी आता सरकारी योजना बऱ्याच आहेत. २०२४-२५ पासून तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि योजनेत बसणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा अशा ठिकाणांहून येणाऱ्या मुलीला खोलीचे भाडे, मेसचे पैसे, प्रकल्पाच्या छपाईचा खर्च आणि मुलाखतीसाठी पुण्याला जाण्याचे तिकीट यांसाठी कोणती योजना आहे? माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी बी. ए.चे दुसरे वर्ष सोडले ते फी नव्हती म्हणून नाही. एकीच्या मेसवाल्या काकूंनी तीन महिने थांबून शेवटी डबा बंद केला. दुसरीचे तर अंतिम परीक्षेच्या वेळी गावाहून रोज यायचे भाडेच जमेना.

म्हणून मला वाटते की आपण देणार असलेल्या रकमेतला काही भाग विभागप्रमुखांच्या हाती असा ठेवावा की अर्ज, शिफारस, समिती असे काही न होता दोन दिवसांत हजारदोन हजार रुपये विद्यार्थ्याच्या हातात पडतील, आणि ते जमेल तेव्हा परत करायचे असतील. देणगी म्हणून घेताना मुलांची मान खाली जाते. उसने घेताना ती ताठ राहते. मी स्वतः असे दोनदा घेतले होते आणि दोन्ही वेळा फेडले होते.

पैसे कोणाचे होते हे मला शेवटपर्यंत कळले नाही. समारंभात उभे करून माझ्या आईच्या विड्यांचा उल्लेख करत मला मदत दिली असती, तर बहुधा मी ती घेतली नसती. दात्यांनी याचा विचार करावा.

जुना केगावकर

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते. रात्री पत्नीला आणि मुलीला सगळी उत्तरे वाचून दाखवली.

असे ठरवले आहे की दोन लाखांची ठेव विभागाच्या नावाने विद्यापीठाकडे ठेवायची आणि हिशेबनीस साहेबांनी सांगितलेली दोन्ही कलमे पत्रात घालायची. दरमहा दोन हजार रुपये ताईंनी सांगितलेल्या उसनवारीच्या निधीसाठी जातील. आमच्या तुकडीतल्या २३ जणांपैकी १७ जणांचे पत्ते मिळाले आहेत आणि त्यांतल्या सहा जणांनी दरमहा ५०० रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. पहिल्या वर्षी एवढे पुरे. कर्ज फिटले की ठेवीत भर घालीन, तोपर्यंत दर जानेवारीत एक दिवस केगावला जाऊन येईन.

सरांना एकच विचारायचे आहे. उसनवारीचा हिशेब कोण आणि कसा ठेवेल? विद्यापीठाच्या खात्यातून अशी फिरती रक्कम देता येते का?

निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता

विद्यापीठाच्या खात्यातून ते अवघड जाईल, कारण तिथे प्रत्येक रकमेला मंजुरी लागते आणि ती लागावी हेच योग्य आहे. ही रक्कम माजी विद्यार्थी संघाच्या खात्यात स्वतंत्र शीर्षाखाली ठेवा, विभागातले एक शिक्षक आणि तुमच्या तुकडीतले एक जण अशा दोघांच्या सह्या ठेवा, आणि विद्यार्थ्याचे नाव संघाच्या अहवालात छापू नका, फक्त संख्या आणि रक्कम छापा. लेखापरीक्षकाला नावे पाहता येतील, इतरांना नाही.

हिशेबासाठी एक लांबट वही घ्या. आमच्या वेळी ती भागवत टॉकीजजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणत असू. परतफेड झाली की नावावर रेघ मारायची, आणि ज्या नावावर रेघ पडली नाही त्याला कधीही विचारायचे नाही, एवढा एक नियम पहिल्या पानावर लिहून ठेवा.